भावनिक खाणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आहाराचा सल्ला घ्यायला येणारे बरेच जण "माझा खाण्यावर ताबाच राहत नाही" इथूनच सुरुवात करतात. खालचे प्रश्न त्यांचेच आहेत, क्रम तेवढा मी लावलाय. डायबेटीस असेल, दिवस गेलेले असतील किंवा एखादं औषध कायमचं चालू असेल, तर इथलं वाचून परस्पर बदल करू नका, आधी आपल्या डॉक्टरांशी बोला.

भावनिक खाणं म्हणजे नक्की काय? हा आजार आहे का?

पोटाला गरज नसताना राग, कंटाळा, एकटेपणा, दमणूक यांच्यापायी खाणं. आनंदापायीसुद्धा. हा आजार नाही. निकाल लागला की पेढे, पाऊस पडला की भजी, तेराव्याला गोडाचं जेवण. भावना आणि खाणं यांची सांगड आपल्याकडे पाळण्यापासूनच घातलेली असते आणि त्यात वावगं काही नाही. तापातून उठल्यावर मऊ भात, मेतकूट आणि तूप पोटात गेलं की जीवाला बरं वाटतं, ते काही नुसतं पचायला हलकं म्हणून नव्हे. पण मन हलकं करायला दुसरा मार्गच उरला नाही, आणि खाऊन झाल्यावर बरं वाटायच्या ऐवजी स्वतःचीच चीड यायला लागली, की मात्र त्याकडे बघायला हवं.

खरी भूक कुठली आणि मनाची कुठली, हे ओळखायचं कसं?

पोटाची भूक हळूहळू चढते, आणि समोर पोळी-भाजी आली तरी चालतं. मनाची भूक एकदम उसळते आणि तिला ठरावीकच काहीतरी हवं असतं: शेवच, चॉकलेटच, कोपऱ्यावरचा वडापावच. म्हणून स्वतःला विचारून बघा, "आत्ता कुणी गरम वरणभात वाढला तर खाईन का?" उत्तर हो असेल तर तुम्ही भुकेले आहात. मग जेवा.

या कसोटीवर फार भिस्त ठेवू नका. दिवसभर अर्धपोटी राहिलेल्या माणसालाही वरणभात नको, तळलेलंच हवं असं वाटू शकतं. शिवाय दोन्ही भुका एकाच वेळी लागतातच. माझ्या अनुभवात तर बहुतेकदा त्या हातात हात घालूनच येतात.

दिवसभर मी व्यवस्थित असते. संध्याकाळी घरी आले की हात सुटतो. माझ्यात निग्रह कमी आहे का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून उत्तरही लांब आहे.

आधी दिवस बघू. सकाळी चहा आणि दोन बिस्किटं, कारण डबे भरायचे असतात. अकराला पुन्हा चहा. दुपारच्या डब्यात दोन फुलके आणि चमचाभर भाजी. भात बंद केलाय, कारण "भाताने वजन वाढतं". चारला चहा. साडेसातला घरी. रात्रीचं जेवण साडेनवाला, सगळे आल्यावर. म्हणजे दुपारी एक ते संध्याकाळी साडेसात या साडेसहा तासांत पोटात फक्त चहा. घरात पाऊल टाकल्यावर पर्सही खाली न ठेवता फरसाणाच्या डब्याचं झाकण उघडलं जातं, उभ्याउभ्याच मूठ भरून तोंडात जाते, दुसरी जाते, आणि कुकर लावेपर्यंत डब्याचा तळ दिसायला लागतो. मग रात्री जेवताना "आज एकच पोळी", आणि साडेअकराला पुन्हा फ्रिज.

या बाईला मी निग्रहाबद्दल काय सांगू? ती भुकेली आहे. ऑफिसातला अपमान, लोकलची गर्दी, मुलाचा अभ्यास हे सगळं त्या मुठीत असतंच. पण आधी पोट रिकामं आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी एक प्रयोग केला. ३६ धडधाकट तरुण स्वेच्छेने त्यात उतरले होते. १९४५ मध्ये सुमारे सहा महिने त्यांना दिवसाला साधारण १६०० कॅलरी एवढंच खायला दिलं. ही मुलं मनाने खंबीर म्हणून निवडलेली. तरीही काही आठवड्यांत त्यांच्या डोक्यात खाण्याशिवाय काही उरेना. पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, ताटं चाटायचे, चिडचिड करायचे, उदास व्हायचे. प्रयोग संपून पोटभर अन्न मिळायला लागल्यावरही कित्येकांचं किती खाल्लं तरी समाधान होईना. आता आपल्याकडे वाटले जाणारे १२०० कॅलरींचे तक्ते आठवा.

म्हणून माझा पहिला सल्ला मनाबद्दल नसतोच. दुपारचं जेवण वाढवा: भात, उसळ किंवा घट्ट वरण, भाजी, ताक. आणि घरी पोचायच्या आधी, साडेपाच-सहाच्या सुमाराला, खरोखरीचं काहीतरी खा. शेंगदाण्याची चटणी लावलेली पोळीची गुंडाळी, उकडलेली अंडी, मटकीची उसळ, भिजवलेले हरभरे, डब्यातून नेलेलं धिरडं. एखादं फळ एवढ्यावर भागणार नाही. दोन आठवडे एवढंच करा, बाकी काही बदलू नका. त्यानंतरही संध्याकाळचा डबा उघडत राहिला, तर मनाचा भाग किती आहे ते स्वच्छ दिसेल.

ताण आला की गोड नाहीतर तळलेलंच का हवंसं वाटतं? भाकरी का नाही आठवत?

अचानक धक्का बसला की उलट भूक मरते. ॲड्रिनालिन हे संप्रेरक (हार्मोन) वाढतं, पोटाचं काम मंदावतं. महिनोन्‌महिने चालणाऱ्या ताणाचं वेगळं: कर्जाचे हप्ते, घरातलं आजारपण, रोजची कटकट. त्यात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढं राहतं आणि ते भूक वाढवतं. साखर, मीठ आणि तेल एकत्र आलेले पदार्थ मेंदूला चटकन सुख देतात, आणि दोन-चारदा त्या सुखाने ताण निवला की मेंदू ते लक्षात ठेवतो. पुढच्या वेळी सासूबाईंचा फोन ठेवताक्षणी पाय आपोआप स्वयंपाकघराकडे वळतात. सगळ्यांचं असं होत नाही, काहींचं ताणात जेवणच तुटतं. त्यांनाही तेवढीच मदत लागते, फक्त ती माणसं बारीक होतात म्हणून कुणी विचारत नाही.

मग कडक डाएट केलं तर ही सवय मोडेल ना?

बहुधा वाढेल. १९७५ मध्ये हर्मन आणि मॅक या संशोधकांनी कॉलेजातल्या मुलींना आधी मिल्कशेक दिला आणि नंतर चव बघायच्या निमित्ताने हवं तेवढं आइस्क्रीम समोर ठेवलं. एरवी खाण्यावर बंधन न घालणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. डाएटवाल्या मुलींनी मात्र मिल्कशेक प्यायल्यावर जास्त खाल्लं. नियम मोडलाच आहे तर आता कशाला थांबायचं!

हे आपल्या ओळखीचंच आहे. ऑफिसात कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक खाल्ला, म्हणजे "आजचा दिवस गेलाच", मग रात्री पावभाजी, आणि सोमवारपासून पुन्हा कडक. हा सोमवार फार घातक. रविवारी रात्री माणूस शेवटचं म्हणून खाऊन घेतो.

एखादा पदार्थ कायमचा बंद केला की त्याचं आकर्षण वाढतं. तोच पदार्थ जेवणाचा भाग म्हणून ताटात घेतला की त्याचा रुबाब उतरतो. श्रीखंड पोळीबरोबर, जेवताना, सगळ्यांसमोर खा. तेच फ्रिजच्या उजेडात चमच्याने डब्यातूनच खाल्लं की किती गेलं ते कळत नाही आणि चवही लागत नाही.

उपवासांचं काय? संकष्टी, एकादशी, चातुर्मास सगळं पाळते.

श्रद्धेने करत असाल तर करा. पण वजनासाठी उपवास आणि वर देवाचं नाव, असं असेल तर स्वतःशी खरं बोला. "एकादशी आणि दुप्पट खाशी" ही म्हण उगाच पडलेली नाही. दिवसभर पाणी पिऊन राहायचं आणि चंद्रोदयानंतर मोदकांवर तुटून पडायचं, हे चक्र वर सांगितलेल्या डाएटसारखंच चालतं. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यावर पोट फार वेळ धरत नाही. खिचडीत दाण्याचं कूट सढळ घाला, सोबत दही घ्या. वरी-दाण्याची आमटी त्याहून बरी. आणि ज्यांना आवरता न येण्याइतकं खाण्याचे झटके येतात त्यांनी काही महिने उपवास बाजूला ठेवावेत, असं मी स्पष्ट सांगते. आजारपणात उपवास मोडायची मुभा घरातल्या वडीलधाऱ्यांनाही मान्य असते. हे आजारपणच समजा.

मुलांच्या ताटातलं उरलेलं मीच खाते. अन्न टाकवत नाही.

अन्नाला पूर्णब्रह्म म्हणणाऱ्या घरात वाढलेल्या बाईला पोळीचा अर्धा तुकडा कचऱ्यात टाकताना हात थरथरतो, हे मला समजतं. पण पोट भरल्यावर तो तुकडा तुमच्या पोटात गेला काय आणि ओल्या कचऱ्यात गेला काय, भुकेल्याच्या तोंडी तो जात नाहीच. उपाय वाढतानाच करायचा. मुलाला अर्धीच पोळी वाढा, मागितली तर पुन्हा द्या. पातेल्यात उरलेला भात झाकून ठेवा, सकाळी फोडणीचा करा. आणि सगळ्यात महत्त्वाचं: तुमचं स्वतःचं ताट वाढून घ्या आणि बसा. सगळ्यांना गरम वाढून झाल्यावर ओट्याशी उभं राहून उरलंसुरलं खाणाऱ्या बाईला जेवल्याचं समाधान कधीच मिळत नाही, मग ती तासाभराने पुन्हा काहीतरी शोधते. नवऱ्याला आणि मुलांना हे वाचायला द्या. एक दिवसाआड फुलके कुणी दुसऱ्याने भाजले तर आकाश कोसळत नाही.

आग्रहाला नाही कसं म्हणायचं? माणसं दुखावतात.

आग्रह करणाऱ्याला बहुतेक वेळा तुम्ही खाण्यापेक्षा दाद हवी असते. आधी दाद द्या. "काकू, पुरणपोळी काय मऊ झालीये! पोट अगदी भरलंय, एक डब्यात द्या, उद्या सकाळी दुधाबरोबर खाते." यात नकार आहे, पण तो टोचत नाही. "मी डाएटवर आहे" हे मात्र चुकूनही म्हणू नका. त्यावर पंगतीतले सगळे आहारतज्ज्ञ होतात. ताटातली वाटी पूर्ण रिकामी न करणं ही जुनी युक्ती अजूनही चालते. आणि शपथच घातली तर खा एखादी, आणि विसरून जा.

"किती सुटलीस!" असं घरचेच म्हणतात. त्या रात्री मी जास्तच खाते.

साहजिक आहे. टोमणे ऐकून माणसाचं वजन उतरल्याचं मी पाहिलेलं नाही, लपूनछपून खाणं वाढल्याचं पुष्कळ पाहिलंय. लग्नकार्यात भेटणाऱ्या मावशी-आत्यांना सुधारणं आपल्या हातात नाही, "हो ना! तुमचे गुडघे कसे आहेत आता?" एवढ्यावर विषय बदला. घरातल्या माणसांशी मात्र एकदा नीट, शांत वेळी बोलायला हवं. "माझ्या अंगावरून आणि ताटावरून काही बोलू नका, त्याने मला त्रास होतो" इतकं सरळ.

हे बायकांचंच असतं का?

नाही. पुरुष फक्त वेगळ्या नावाने खातात. रात्रपाळीनंतर पहाटे भुर्जीपाव, कामाचा ताण म्हणून मित्रांबरोबर बसणं आणि त्याबरोबरचा चखणा. दारूने थांबायचं भान जातं, त्यामुळे चकली आणि तळलेले काजू किती गेले याचा हिशेब कुणीच ठेवत नाही. रात्रपाळीवाल्यांना माझं सांगणं एवढंच की पाळीला निघण्याआधी पूर्ण जेवून निघा आणि मध्यरात्रीसाठी घरचा डबा न्या.

झोपेचा याच्याशी काही संबंध?

फार मोठा. शिकागोत २००४ मध्ये झालेल्या एका छोट्या अभ्यासात १२ निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन उतरलं, भूक जागवणारं घ्रेलिन चढलं, आणि गोड, खारट, पिठूळ पदार्थांची ओढ वाढली. रात्री एकपर्यंत मोबाइल बघत असाल, तर त्या वेळची "भूक" म्हणजे बऱ्याचदा झोपच असते.

पाळीच्या आधीच्या आठवड्यात खा-खा सुटते.

त्या दिवसांत अनेकींची भूक खरंच थोडी वाढते. तेव्हा थोडं जास्त खा, त्यात लढण्यासारखं काही नाही.

परदेशात एकटा राहतो. रविवारी संध्याकाळी घरची आठवण आली की पिझ्झा मागवून एकटाच संपवतो.

पिझ्झ्यापेक्षा "एकटाच" हा भाग बघा. व्हिडिओ कॉल लावून, पलीकडे आई स्वयंपाक करत असताना इकडे तुम्हीही पिठलं टाका. पिठल्याला बेसन, कांदा, मिरची आणि दहा मिनिटं लागतात. आईने पाठवलेली भाजणी सणासाठी राखून ठेवू नका, थालीपीठ लावा आणि शेजारच्या मुलाला हाक मारा. पिझ्झा मग कधी हवा तेव्हा खाताच येईल.

मी आत्ता या क्षणी फ्रिजपुढे उभी आहे. काय करू?

खायचं असेल तर खा, पण वाटीत काढून घ्या, डबा बंद करून जागेवर ठेवा, खुर्चीवर बसा, फोन उलटा ठेवा. आणि खाण्याआधी मनातल्या मनात एक वाक्य पूर्ण करा: "मला आत्ता… वाटतंय." दमल्यासारखं, रडू आल्यासारखं, कुणी किंमत देत नाही असं. वाक्य पूर्ण झालं तरी कदाचित खालच. पण रोज हे वाक्य पूर्ण होत गेलं, की काही दिवसांनी तुम्हाला स्वतःच दिसतं की बुधवारच्या मीटिंगनंतर आणि माहेरच्या फोननंतर हेच होतं. मग उपाय त्या मीटिंगवर शोधता येतो. दहा मिनिटं गच्चीवर चालणं, मैत्रिणीला फोन, गरम पाण्याने अंघोळ हे पर्याय पुस्तकी वाटतात, पण पोट भरलेलं असेल तर चालतात. रिकाम्या पोटी यातलं काहीही चालत नाही.

काल रात्री खूपच खाल्लं. आज उपाशी राहू?

नको. आज सकाळी नेहमीसारखे पोहे खा, दुपारी नेहमीसारखं जेवा. आजची उपासमार म्हणजे उद्या रात्रीच्या झटक्याची तयारी. वजनही उद्या लगेच करू नका. काट्यावर दिसणारा आकडा बराचसा मिठाने धरलेल्या पाण्याचा आणि पोटातल्या अन्नाचा असतो.

मला डायबेटीस आहे. "काहीच बंद करू नका" हे मला कसं लागू होणार?

प्रमाण तुमच्यासाठी वेगळं असेल, ते तुमचे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ ठरवतील. पण जेवण टाळणं तुमच्यासाठी जास्तच धोक्याचं. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना जेवण चुकलं तर साखर खाली येते. घाम, थरथर, धडधड आणि गोडाची जबरदस्त ओढ लागते. ती मनाची भूक मुळीच नाही. साखर तपासा. ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, मग काहीतरी खा. असं वारंवार होत असेल तर गोळीचं प्रमाण बदलायला लागेल, ते डॉक्टरांना सांगा. स्टिरॉइड आणि मानसिक आजारावरच्या काही औषधांनी, उदाहरणार्थ ओलान्झापिनने, भूक खूप वाढते. तीही तुमची चूक नव्हे, पण म्हणून औषध परस्पर बंद करू नका.

हे सगळं केलं तर वजन कमी होईल?

काहींचं होतं, काहींचं जागच्या जागी राहतं, काहींचं सुरुवातीला किलोभर वाढतं. वजन हेच एकमेव ध्येय असेल तर पुन्हा डाएटच्याच रस्त्याला लागाल, म्हणून पहिले तीन महिने मी काटा बाजूला ठेवायला सांगते. त्याऐवजी झटके किती कमी झाले, झोप कशी लागते, आणि एखादा लाडू खाऊन उरलेले डब्यात ठेवता येतात का, ते बघू.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

थोड्या वेळात, एरवी कुणी खाणार नाही इतकं खाल्लं जातं, थांबावंसं वाटूनही थांबता येत नाही, लाजेने एकट्याने खाल्लं जातं, नंतर स्वतःची किळस येते, आणि हे आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने चाललंय: असं असेल तर तो बिंज इटिंग डिसऑर्डर असू शकतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये त्याला स्वतंत्र आजार म्हणून मान्यता दिली. त्यावर उपचार आहेत, त्यात विचार-वर्तन पद्धतीचं समुपदेशन पहिलं. खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढणं, जुलाबाच्या गोळ्या घेणं किंवा भरपाई म्हणून तासन्‌तास व्यायाम करणं चालू असेल तर तीन महिने मोजत बसू नका, लगेच जा. वारंवारच्या उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम उतरून हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. जगणं नकोसं वाटत असेल तर आजच बोला. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

आहारतज्ज्ञाकडे पहिल्यांदा येताना काय आणू?

असलेले जुने रिपोर्ट आणि चालू औषधांची यादी. शिवाय तीन दिवसांचं खाणं एका कागदावर, त्यातला एक दिवस सुट्टीचा. काय खाल्लं, किती वाजता, उभ्याने की बसून, आणि त्याआधी काय घडलं होतं. कॅलरी लिहू नका. उभ्याउभ्या खाल्लेलं फरसाणही लिहा, त्याच्यासाठी रागावणार नाही.